बांद्याचें पद, मंगेशीची चाल

यंदा ज्येष्ठाच्या आरंभीं, मृगाची पहिली सर येण्यापूर्वीं, मालवणाहून बांद्यापर्यंतचा एक लहानसा प्रवास आम्हांस घडला. अंतर म्हणाल तर मोटारीनें दोन तासांचें. काशी-रामेश्वराच्या यात्रावर्णनांची संवय असलेल्या वाचकांस एवढ्याशा प्रवासावर लेख लिहिणें धाडसाचें वाटेल. परंतु प्रवासाचें मोल मैलांवर ठरत नाहीं. जवळजवळ पन्नास वर्षें मनांत दडून राहिलेली एक गोष्ट या वाटेवर आम्हांस पुन्हां भेटली, म्हणून हा प्रपंच.

निमित्त झालें तें आमच्या नातीचें. ती पुण्यास शिकते व सुटींत मालवणास आली होती. एके सायंकाळीं ओटीवर बसून ती आपल्या भ्रमणध्वनीवर एक गाणें ऐकत होती. पांच-सहा पुरुषांचे मोकळे, भरदार आवाज. एक पुढें म्हणतो, बाकीचे झेलतात. साथीला डफासारखें चर्मवाद्य, टाळ्या आणि पायांचा ठेका. शब्द कांहीं कळेनात. तरी आम्हीं विचारलें, "हें कोठल्या बुवांचें भजन ग?" ती हंसून म्हणाली, "आजोबा, हे बुवा फ्रान्समधले आहेत. मार्सेलिसचे."

मार्सेलिस हें नांव आम्हां मराठी माणसांस सावरकरांच्या १९१० सालच्या उडीमुळें ठाऊक. तेथें भजनासारखें कांहीं गातात हें नवीनच. नातीनें मग सगळें सांगितलें. मंडळाचें नांव 'लो कॉर दे ला प्लाना'. मानू तेरॉन या गायकानें तें उभें केलें. ते गातात ती भाषा फ्रेंच नव्हे, ऑक्सितान. भूमध्यसमुद्राच्या कांठावर पूर्वापार चालत आलेली मोकळ्या गळ्याची समूहगायनाची रीत घ्यावयाची आणि तींत आपल्या मुलखाच्या भाषेंतील जुनी-नवी कविता ओवावयाची, असा त्यांचा उद्योग.

या भाषेची कथा मोठी उद्बोधक आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस ती शतकानुशतकें बोलली गेली. बाराव्या शतकांत, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी अवतरण्याच्या शंभरावर वर्षें आधीं, तींत त्रुबादूर नांवाचे कवि काव्य रचीत होते, आणि तें काव्य वाचण्यासाठीं नसून गाण्यासाठीं होतें. इटलीच्या डांटे कवीनें आपल्या महाकाव्यांत एका त्रुबादूराच्या तोंडीं त्याचीच भाषा घालून तिचा गौरव केला. पुढें सत्ता पॅरिसची झाली. १५३९ च्या राजाज्ञेनें दरबारीं कागदपत्र फ्रेंचमध्येंच लिहावेत असें ठरलें. एकोणिसाव्या शतकांत गांवोगांव शाळा निघाल्या, तेव्हां जो मुलगा घरची बोली बोलतांना सांपडे त्याच्या गळ्यांत एक लाकडी खूण अडकवीत. दुसरा कोणी तसाच सांपडला कीं ती खूण त्याच्या गळ्यांत जाई. शेवटीं जिच्यासह जो उरेल त्यास शिक्षा. १९०४ सालीं फ्रेदेरीक मिस्त्राल यांस याच भाषेंतील काव्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पण पारितोषिक एका कवीस मिळालें, आणि खूण मात्र पिढ्यांच्या गळ्यांत राहिली. आईबाप मुलांशीं आपल्या भाषेंत बोलेनातसे झाले. या सर्व प्रकारास त्या भाषेंत 'वेर्गोन्या' म्हणतात. त्याचा अर्थच मुळीं 'लाज'.

मास्तरानें मुलाच्या गळ्यांत अडकविलेली ती लाकडी खूण ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प राहिलों. कां, तें पुढें सांगूं.

नातीनें विचारलें, "आजोबा, आपल्याकडे असें कोणी केलें आहे का? लहानशा मुलखाची जुनी कविता गाऊन पुन्हां लोकांच्या तोंडीं आणली, असें?"

आम्ही म्हणालों, "केलें आहे. कवि बांद्याचा, गायक मंगेशीचा. उद्यां चल, कवीचें गांव दाखवितों."

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच निघालों. पाठीमागें समुद्रांत सिंधुदुर्गाचा तट सकाळच्या धुक्यांत पुसट होत गेला. चौक्यापुढें धामापूरचा तलाव लागला. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यांत उतरतात. तेथें घटकाभर बसून चहाचा फिरकीतांब्या रिकामा केला. नेरूरपारचा पूल ओलांडतांना कर्ली नदीचें पात्र संथ पसरलेलें दिसलें. दोहों बाजूंस जांभ्याचे सडे, काजूचीं झाडें, आणि खोडापासून शेंड्यापर्यंत लगडलेले फणस.

वाटेंत नातीस सांगत होतों कीं, या जिल्ह्यांत गाणें शिकावें लागत नाहीं, तें कानांवर आदळतच असतें. भातें घरांत आलीं कीं जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्रीं देवळापुढें दशावतार उभा राहतो. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर रात्र उजाडते. संवादांची छापील वही नसते, नट पुराणांतील कथा उभ्या उभ्या बोलून सजवितात. भाद्रपदांत घरोघर गणपति आले कीं भजनी मंडळी एका आळींतून दुसऱ्या आळींत फिरतात, आणि दोन बुवांची डबलबारी लागली तर पहांट केव्हां झाली तें कळत नाहीं. एकानें म्हणावें, इतरांनीं झेलावें, ही रीत मार्सेलिसच्या मंडळींस कोणी शिकविली हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. पण आमच्या आळींतल्या पोरास ती कोणी शिकवीत नाहीं.

कुडाळावरून सावंतवाडीस आलों. मोतीतलावास वळसा घालून जुन्या रस्त्यानें इन्सुलीचा घाट उतरूं लागलों. येथें मोटार थांबविली. सोहिरोबानाथ आंबिये यांच्या आयुष्याचें वळण याच घाटांत झालें. सोहिरोबांचा जन्म १७१४ सालचा. बांद्याचें कुलकर्णीपण त्यांच्याकडे होतें. कथा अशी सांगतात कीं, सावंतवाडीच्या दरबाराचें बोलावणें आलें म्हणून ते निघाले असतां दमून या घाटांत एका झाडाखालीं बसले व बरोबरचा फणस फोडून खाऊं लागले. इतक्यांत एक सिद्धपुरुष पुढें उभा राहिला व कांहीं देतोस का म्हणाला. सोहिरोबांनीं गरे पुढें केले. ते सिद्धपुरुष गहिनीनाथ होते अशी परंपरा आहे. अनुग्रह झाला, कुलकर्णीपणाची दौत-लेखणी सुटली, आणि तोंडून पदें निघूं लागलीं. तीं पदें त्यांची बहीण लिहून घेत असे, असेंहि परंपरा सांगते. 'महदनुभवेश्वरी', 'अक्षयबोध', 'सिद्धान्तसंहिता' हे त्यांचे ग्रंथ. उतारवयांत ते उत्तरेस गेले. महादजी शिंद्यांच्या पदरीं असलेले जिवबादादा बक्षी मूळचे याच मुलखांतले. त्यांच्यामुळें महादजींची भेट झाली, आणि त्या प्रबळ सरदारासमोर या फकिरानें निर्भीड हिंदी पद म्हटलें असें सांगतात. १७९२ सालीं उज्जैनीस ते दिसेनासे झाले. आतां पेडण्याजवळच्या सरकारी महाविद्यालयास त्यांचें नांव आहे. पण महाविद्यालयाच्या नांवानें कवि जगत नाहीं, तो गळ्यांत जगतो.

घाटाखालीं तेरेखोल नदीकांठीं बांदें. एके काळीं हें नदीवरचें नांदतें बंदर होतें; विजापूरकरांच्या काळचा रेडेघुमट अजून त्याची साक्ष देतो. येथून गोव्याची हद्द हांकेच्या अंतरावर. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं याच हद्दीवर, पत्रादेवीस, पोर्तुगीजांनीं निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला तेव्हां ती रेघ पुसली. परंतु ज्या काळीं माणसांस परवान्यावांचून ती रेघ ओलांडतां येत नव्हती, त्याहि काळीं ओव्या, आरत्या आणि सोहिरोबांचीं पदें दोन्हीकडे तींच होतीं.

रेघेच्या पलीकडे, मंगेशीस, १९२९ सालीं जितेंद्र अभिषेकी यांचा जन्म झाला. श्रीमंगेशाच्या लिंगावर अभिषेक करण्याची सेवा घराण्याकडे, म्हणून आडनांव अभिषेकी. वडील कीर्तनकार व मास्टर दीनानाथांचे सावत्र बंधु. गाण्याचा श्रीगणेशा घरींच झाला. पुढें गिरिजाबाई केळेकर, अझमत हुसेन खां, जगन्नाथबुवा पुरोहित यांच्यापाशीं तालीम झाली. संस्कृत घेऊन ते पदवीधर झाले, हें आम्हांस विशेष वाटतें. शब्दाचें वजन ओळखणारा गवई विरळा. मुंबईच्या आकाशवाणीवर नोकरी करीत असतां चाली बांधण्याचा हात बसला. १९६४ सालीं 'मत्स्यगंधा' नाटक रंगभूमीवर आलें आणि नाट्यसंगीतास नवें वळण लागलें. 'कट्यार काळजांत घुसली'च्या चाली त्यांच्याच. १९८८ सालीं पद्मश्री, पुढच्याच वर्षीं संगीत नाटक अकादमीचा सन्मान, आणि ७ नोव्हेंबर १९९८ रोजीं पुण्यास देहावसान. एवढें चरित्र पुष्कळांस ठाऊक असतें.

आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. एवढ्या मोठ्या गवयानें आपल्या मुलखाच्या एका विस्मृतप्राय नाथपंथी कवीचें 'हरिभजनाविण' हें पद उचललें, त्यास चाल दिली आणि स्वतः गाइलें. पदांत नवल असें कांहीं नाहीं. हरिभजनावांचून वेळ दवडूं नकोस, आंतला दिवा विझूं देऊं नकोस, दोरीस साप समजून भिऊं नकोस. हा शेवटचा दृष्टान्त वेदान्तांतला 'रज्जुसर्प'. पण सोहिरोबांनीं तो अंगणांत पडलेल्या दोरीइतका घरगुती करून ठेविला आहे. बुवांनीं या शब्दांवर तानांचें ओझें घातलें नाहीं. रागदारीची तालीम आंत ठेवून वर कीर्तनाचा साधा बाज ठेविला. एक चरण गवयानें म्हणावा आणि ध्रुवपद ऐकणारानें आपणहून झेलावें, अशी ती रचना आहे. मंगेशीच्या देवळांतलें कीर्तन, घराण्याचें गाणें आणि बांद्याच्या कुलकर्ण्याचा वेदान्त असे तीन प्रवाह त्या एका पदांत मिळाले. पुणें, नागपूर, इंदूर सगळीकडे तें पद गेलें. आमच्या एका स्नेह्यांनीं तें तुकोबांचें म्हणून आम्हांसच ऐकविलें होतें! कवीचें नांव सुटलें तरी पद टिकलें, हें त्यांतल्या त्यांत सुख.

आतां ती दडवून ठेवलेली गोष्ट.

आमच्या घरीं मोठ्या आत्या होत्या. बालपणींच वैधव्य येऊन त्या माहेरीं राहिल्या होत्या. लिहितां-वाचतां बेताचेंच येई. तिन्हीसांजा तुळशीपाशीं दिवा ठेवून त्या हेंच पद म्हणत. त्यांची चाल अगदीं निराळी होती: ठायींच्या ठायीं फिरणारी, जात्याच्या गतीची. चुलत, सख्खीं, आतेमामे मिळून आम्ही दहा-बारा मुलें त्या दिव्याभोंवतीं बसत असूं, आणि कळत नसतांहि ध्रुवपद झेलीत असूं. १९७५-७६ च्या सुमारास आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों. संस्कृतांत चांगले गुण मिळाले होते, आणि उच्चारशुद्धीचा अभिमान गळ्यापर्यंत आला होता. आत्या पदांतल्या 'ज्ञान' शब्दाचा उच्चार 'ग्यान' असा करीत. एके सायंकाळीं घरीं पाहुणेमंडळी असतां आम्हीं सर्वांदेखत म्हटलें, "आत्ये, ग्यान नव्हे, ज्ञान. शुद्ध म्हणतां येत नसेल तर देवापुढें म्हणूं नये."

पाहुण्यांनीं आमचें कौतुक केलें. आत्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं दिवा लागला, हात जोडले गेले, ओंठ हलले. आवाज मात्र निघाला नाहीं. पुन्हां तो कधींच निघाला नाहीं. चार वर्षांनीं त्या गेल्या. आम्ही पुढें जन्मभर मास्तरकी केली, शेंकडों मुलांचे उच्चार सुधारले. आणि त्या लाकडी खुणेची हकीगत ऐकली तेव्हां कळलें कीं, पहिली खूण आम्हीं कोणाच्या गळ्यांत घातली होती. ज्या सोहिरोबांनीं हिंदींतहि बेधडक पदें रचलीं, त्यांचें पद आम्हीं ज्ञकारासाठीं घरांतून हद्दपार केलें. पुढें आकाशवाणीवर अभिषेकीबुवांची चाल ऐकूं येऊं लागली, तेव्हां घरांत सगळे तीच गुणगुणूं लागले. आत्यांच्या चालीचें अर्धें ध्रुवपद तेवढें आम्हांस आठवतें. आणि खरें सांगावयाचें तर इतकीं वर्षें मनांत बुवांविषयीं एक सूक्ष्म तक्रार होती कीं, यांच्या चालीनें आमच्या घरची चाल बुडविली.

बांद्यास एका आप्तांकडे मुक्काम केला. त्या दिवशीं एकादशी असल्यानें रात्रीं ओसरीवर भजन होतें. पोरें तरबेज, पखवाज कडक. तिसरेंच पद 'हरिभजनाविण' लागलें, आणि अर्थात् बुवांच्या चालींत. सोहिरोबांच्या गांवींहि हीच चाल! आम्ही थोडेसे खट्टू झालों. भजन संपल्यावर आम्हीं यजमानांच्या मातुःश्रींस, ज्या माजघराच्या उंबऱ्यापाशीं बसल्या होत्या, विचारलें, "काकू, आपल्या लहानपणीं हें पद कसें म्हणत?" त्यांनीं आधीं आढेवेढे घेतले. मग डोळे मिटून दोन चरण म्हटले. वय ऐंशींच्या पलीकडे, आवाज कांपरा, पण सूर ठाम. आमचे कान टवकारले. पण ती चाल आमच्या आत्यांची नव्हती. ती आणखी निराळीच होती. ओसरीवरच्या एका वृद्ध गृहस्थांनीं तिसरें वळण म्हणून दाखविलें.

आम्हीं विचारलें, "मग मूळची खरी चाल कोणती?"

काकू म्हणाल्या, "माजी आवस अशीच म्हणी. खरी खंयची तां माका ठावक नाय."

आणि एक गोष्ट. काकूंनीं 'ग्यान'च म्हटलें होतें.

त्या रात्रीं पडल्या पडल्या विचार केला, तेव्हां आमची तक्रार आम्हांसच खोटी वाटूं लागली. पदाची खरी चाल एक नव्हतीच. प्रत्येक घराची एक होती. बहिणीनें लिहून घेतलें ते शब्द, चाल ज्याच्या त्याच्या गळ्यानें घातलेली. अभिषेकीबुवांनीं त्यांत आपली एक मिळविली, एवढेंच. त्यांनीं कोणाचें कांहीं हिरावलें नाहीं. आमच्या घरांतली ती जागा बुवांची चाल येण्यापूर्वींच रिकामी झाली होती, आणि ती आम्हीं केली होती. बुवांची चाल आली नसती तर तेथें चालहि नसती आणि पदहि नसतें. मार्सेलिसच्या गवयांचेंहि तेंच असावें. शाळेनें ज्यांस लाज शिकविली त्यांच्या नातवंडांस ते पुन्हां तोंड उघडावयास शिकवीत आहेत. त्यांचा ठेका त्रुबादूरांच्या वेळचा आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या मानानें दुय्यम आहे.

वाचकांस एवढीच विनंति कीं, आपल्या एकत्र कुटुंबांत अजून एखादी आजी, काकू, आत्या असेल तर येत्या चातुर्मासांत तिच्यापाशीं बसा. आरती, ओवी, पद, पाळणा, जें येत असेल तें म्हणावयास सांगा. मुलांपाशीं यंत्रें आहेत, तीं टिपून घेतील. पण एक पथ्य पाळा: मध्यें बोलूं नका आणि उच्चार सुधारूं नका.

परततांना पुन्हां धामापुरास थांबलों. ऊन कललें होतें. तलावावर वारा नव्हता. नातीनें भ्रमणध्वनि पुढें धरला व म्हणाली, "आजोबा, पणजीआत्यांची चाल म्हणा. जेवढी येईल तेवढी." आम्ही म्हणावयास लागलों. अर्धें ध्रुवपद झालें आणि पुढचें नेहमींप्रमाणें आठवेना. क्षणभर थांबलों, तोंच नातीनें उरलेलें अर्धें अभिषेकीबुवांच्या चालींत उचललें आणि पद तसेंच पुढें नेलें. दोन्ही चाली कांहींशा अवघडून, पण एकत्र चालल्या. 'ज्ञान' शब्द आला तेथें तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "ग्यान म्हण, बाळ."